तिसऱ्या रांगेपर्यंत

“‘रथातून उतरलो’ की ‘रथातून खाली उतरलो’?” पंतांनी विचारलं.

“रथातून उतरलो. खाली नाही,” मी वहीत बघून म्हणालो. “रथातून वर कोण उतरतो, पंत?”

“मग तसं लिहायचं होतंस.”

“तसंच लिहिलंय. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं.”

पंतांनी खिडकीबाहेर नजर टाकली. बाहेर ज्वारीची शेतं होती. बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन एक म्हातारी चालली होती आणि बराच वेळ ती आमच्या गाडीच्या बरोबरीनं होती.

“पुन्हा घेऊ,” ते म्हणाले. उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकावर बसल्या बसल्या प्रधान झाले. “महाराज, मी रथातून उतरलो. सूर्य माथ्यावर आला होता. वटवृक्षाच्या सावलीत घटकाभर टेकलो. ओंजळभर पाणी प्यालो. मनात कोणाविषयी तिळाएवढंही वाकडं नव्हतं. आणि…”

उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेलं.

“आणि इतक्यात दूर रणशिंग वाजलं,” मी ओठांतल्या ओठांत म्हणालो.

“आणि इतक्यात दूर रणशिंग वाजलं!” पंत गरजले. वरच्या फळीवर झोपलेला तबलजी दचकून उठला आणि स्टेशन आलं असं समजून जोडे शोधू लागला.

हे सदतीस सालचं. तेव्हा मी बी. ए. झालो होतो, आणि घरच्यांच्या मते त्यापुढे काहीच झालो नव्हतो. चंद्रशेखर संगीत मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून लागून मला चार वर्षं होत आली होती. कंपनीत मला नावानं कोणी हाक मारत नसे. ‘बीए’ म्हणत. पदवीचा एवढा नियमित उपयोग मला नंतर कधी झाला नाही.

काम शिकवलं ते पंतांनी. सीतारामपंत खटावकर. राजा, सेनापती, कपटी प्रधान, आणि नायिकेचा बाप आजारी पडला तर तोही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डाव्या विंगेत एका स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, “पहिल्या रांगेला ऐकू गेलास तर तू नट झालास. मला ऐकू गेला नाहीस तर प्रेक्षक झालास. त्या दोहोंच्या मधे राहायचं.” मी चार वर्षं त्या दोहोंच्या मधे राहिलो. ओळ अडली की पंत उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेत. प्रेक्षकांना वाटे, काय रुबाब! सांगलीच्या एका वर्तमानपत्रात त्या उपरण्याच्या अभिनयावर अर्धा रकाना आला होता.

मी कंपनीत आलो तेव्हा उपरणं एका अंकात दोनदा हलायचं. सदतीस साली ते खांद्यावर ठरत नसे. पंतांना ओळी राहत नव्हत्या. ही गोष्ट कंपनीत दोघांनाच ठाऊक होती, पंतांना आणि मला. आणि त्यातले पंत ती अधूनमधून विसरत.

रथाचं ते भाषण त्यांनी आठ दिवसांपूर्वी मला उतरवून घ्यायला सांगितलं होतं. आपण स्वतः एक नाटक लिहितोय, म्हणाले. नाटकाचं नाव ठरलं नव्हतं, कथानक ठरलं नव्हतं, पण प्रधानाचं हे एक भाषण तयार होतं. मला नवल वाटलं नाही. साठीच्या पुढचा प्रत्येक नट एक नाटक लिहीत असतो, आणि त्यात त्याचं स्वतःचं भाषण तेवढं तयार असतं. रोज सकाळी आम्ही ते घोकत होतो. बाकी सगळं आता त्यांना यायचं, रणशिंगापाशी गाडी अडायची.

आमचा डबा हुबळीहून मिरजेला जाणाऱ्या पॅसेंजरच्या शेपटाला जोडलेला होता. पुढच्या डब्यांतून आमच्याकडे यायला वाट नव्हती. अर्ध्या डब्यात पेट्या, पडदे, तंबोरे आणि कागदाचा एक हत्ती. उरलेल्या अर्ध्यात माणसं. आणि एका टोकाला फळ्या ठोकून केलेली खोली. त्या खोलीत कंपनीचे मालक अप्पासाहेब निगुडकर.

अप्पासाहेब वाईट नव्हते. फक्त त्यांना सुधारणा सुचत. त्या महिन्यात त्यांनी तीन बोलपट पाहिले होते, त्यामुळे सुधारणा जास्त सुचत होत्या. सकाळी गाडी सुटली तशी त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून जाहीर केलं की मिरजेपासून आपली कंपनी नव्या पद्धतीची होणार. पहिली गोष्ट, नायिकेचं काम यापुढं खरी बाई करील.

डब्यात सगळ्यांनी दामूकडे बघितलं. दामू पेडणेकर अकरा वर्षं आमची नायिका होता. तो त्या वेळी दाढी करत होता.

“माझ्या जागी बाई?” तो गालाला अर्धा साबण तसाच ठेवून म्हणाला. “अकरा वर्षं मी पदर सांभाळला तो काय गंमत म्हणून?”

“तुला अठ्ठाविसावं लागलं, दामू. परवा कोवळ्या शकूचं काम करताना तुझा आवाज कसा लागला?”

“सर्दी होती मला!”

“गेली दोन वर्षं?”

कोणीतरी हसलं. दामूचे डोळे भरून आले. नाटकात ते पहिल्या अंकाच्या शेवटी भरत, त्यापेक्षा चांगले भरले. “मरताना पाणी घालायला कोणी उरायचं नाही तुम्हाला,” तो म्हणाला. डब्यात अप्पासाहेब सोडून माणसं एकोणीस. सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर त्यानं उरलेली दाढी केली, स्टोव्ह पेटवला आणि रोजच्यासारखं अप्पासाहेबांचं दूध तापत ठेवलं. अप्पासाहेब आवाजासाठी अकराच्या सुमाराला पेलाभर हळदीचं दूध घेत. ते दामूच करी. रागावलेल्या माणसानं निदान एक दिवस तरी दूध करू नये, पण दामूला ते सुचलं नाही. पुढं त्याला ते फार महागात पडणार होतं.

अळणगी स्टेशनात इंजिन पाणी घेई, त्यामुळे गाडी पंचवीस मिनिटं थांबे. सगळे उतरले. दामू पेला खोलीच्या दाराशी पेटीवर निवत ठेवून गेला. अप्पासाहेब आत डुलकी घेत होते. मी पेरू घ्यायला गेलो. पंत म्हणाले, “मी जरा पाय मोकळे करतो.” गाडी सुटल्यावर अप्पासाहेबांनी दूध घेतलं, तोंड वाकडं करून “हळद जास्त झाली रे” म्हणाले. तासाभरात त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. आम्ही अळणगीच्या भज्यांना दोष दिला. एका म्हाताऱ्या गवयानं ओवा दिला. कोगनूर स्टेशन येईपर्यंत भज्यांचा दोष नाही हे सगळ्यांना कळलं होतं, पण उशिरा. कोगनूरच्या फलाटाला गाडी लागली तेव्हा अप्पासाहेब गेलेले होते.

आमचा डबा तोडून बाजूच्या रुळावर लावला. पॅसेंजर आमच्याशिवाय पुढं निघाली; आणि खोटं कशाला बोलू, मला ती जरा वेगानं गेल्यासारखी वाटली.

दुपारी तीनच्या सुमाराला तालुक्याहून फौजदार आले, सोबत डॉक्टर. डॉक्टरांनी चांदीचा पेला उन्हात धरला, तळाशी बोट फिरवलं आणि म्हणाले, “हळद इतकी जड बसत नाही. ही हरताळ आहे, पिवळं विष.”

फौजदारांचं नाव सनदी. “ही कोण वापरतं?” त्यांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. हातांवरचे केस काढायला हरताळ लागे, आणि कंपनीत केस नसलेले हात एकाचेच होते. दामूची रंगपेटी उघडली. आरशामागं पुडी निघाली, अर्धी रिकामी. मग सकाळचं ते वाक्य निघालं. एकोणीस माणसांनी ऐकलेलं वाक्य फार वेळ डब्यात राहत नाही.

“मी नाही हो!” दामू म्हणाला. “मी दूध केलं. मी रोजच करतो. पेटीला कुलूपसुद्धा नसतं माझ्या, विचारा कोणालाही!”

शिपायानं त्याच्या कमरेला दोर बांधला. अकरा वर्षं तिसऱ्या अंकात दामूला कोणी ना कोणी दोर बांधत आलं होतं, आणि तो इतका सुंदर कोसळत असे की बायका रडत. त्या दिवशी तो कोसळला नाही. नुसता उभा राहिला आणि दोराकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “बीए, हे फाशी देतील रे मला. आई आहे माझी पेडण्याला.”

मी म्हणालो, “काही होत नाही.” बी. ए. झालेल्या माणसाला असल्या वेळी एवढंच सुचतं.

जबान्या वेटिंग रूममध्ये झाल्या. फौजदारांचा लेखनिक तापानं पडला होता, त्यामुळे “इथं लिहिता-वाचता कोणाला येतं?” असा प्रश्न आला आणि पदवी पुन्हा एकदा उपयोगी पडली. दाराजवळ एक लहान टेबल होतं, तिथं मला कागद-दौत देऊन बसवलं. फौजदार समोरच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. दामू कोपऱ्यात, दोराचं दुसरं टोक शिपायाच्या हातात.

अठरा जणांनी एकच गोष्ट अठरा तऱ्हांनी सांगितली. पेटीवादकानं तर स्वतः काय केलं सोडून हुबळीच्या प्रयोगात त्याच्यावर झालेला अन्याय सांगितला. पाच वाजले तेव्हा फौजदारांनी घड्याळ बघितलं. “झालं तर. पेडणेकरला साडेपाचच्या गाडीनं घेऊन जातो.” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “फक्त पंतांची जबानी राहिली. नुसती आपली रीत म्हणून, पंत. तुमचा सेनापती मी तीनदा पाहिलाय. बसा, खुर्ची घ्या.”

“आम्ही उभ्यानं बोलतो,” पंत म्हणाले.

ते दाराशी, माझ्या टेबलाच्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले. म्हणजे मी त्यांच्या डाव्या हाताला. हे त्यांनी ठरवून केलं नसावं. तीस-चाळीस वर्षं ज्या बाजूला प्रॉम्प्टर असतो, माणूस त्या बाजूला वळतोच.

“अळणगीला गाडी थांबल्यावर काय केलंत?”

“फौजदारसाहेब, मी डब्यातून उतरलो,” पंत म्हणाले.

मी लिहून घेतलं. फौजदार किंचित पुढं झुकले. आवाजच तसा होता, माणूस झुके.

“सूर्य माथ्यावर आला होता.”

माझा टाक थांबला.

“फलाटापलीकडच्या वडाच्या सावलीत घटकाभर टेकलो. नळाचं ओंजळभर पाणी प्यालो. मनात कोणाविषयी तिळाएवढंही वाकडं नव्हतं.”

फौजदारांनी मान हलवली. अठरा जबान्यांत त्यांना पहिल्यांदाच एक नीट वाक्य ऐकायला मिळत होतं. कोपऱ्यात दामू भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. मी पंतांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा मी हजारदा बघितलेला होता, बाजूनं, दिव्यांच्या उजेडात: पुढच्या ओळीवर नजर असलेला.

“आणि…” पंत म्हणाले.

बाहेरून एक मालगाडी खडखडत निघाली. खिडकीची तावदानं हादरली. फौजदारांनी हात वर करून थांबायची खूण केली. पंत थांबले. शेवटचा डबा गेला, तावदानं शांत झाली, फौजदार म्हणाले, “हं, आणि?”

“आणि…”

पंतांचे ओठ हलले. काही आलं नाही. मग त्यांचा हात वर गेला आणि उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आलं.

“आणि इतक्यात दूर रणशिंग वाजलं,” मी म्हणालो.

“आणि इतक्यात दूर रणशिंग वाजलं!” पंत गरजले.

कोपऱ्यात दामूनं डोळे उघडले.

“काय वाजलं?” फौजदारांनी विचारलं.

पंतांनी उपरणं पुन्हा डाव्या खांद्यावर घेतलं.

“अळणगी स्टेशनात रणशिंग वाजलं?” फौजदार आता माझ्याकडे वळले. “आणि ते तुम्ही यांना का सांगताय? तुम्हाला काय ठाऊक हे पुढं काय बोलणार ते?”

मी खिशातली वही काढून टेबलावर ठेवली, आठ दिवसांपूर्वीचं पान उघडून. फौजदार उठून आले. उभ्यानंच वाचलं. ‘महाराज’, ‘रथ’, ‘वटवृक्ष’. तारीख वर होती. तारीख घालायची सवय कॉलेजातली. वाचता वाचता त्यांची टोपी हळूहळू मागं सरकली. मग त्यांनी वही मिटली आणि ज्या खुर्चीला पंतांनी नको म्हटलं होतं ती स्वतः उचलून त्यांच्यामागं आणून ठेवली.

“आता बसा, पंत,” ते म्हणाले. आणि पंत बसले.

“मालक दहा दिवसांपूर्वी मला म्हणाले, नव्या पद्धतीत प्रॉम्प्टर नाही,” पंत म्हणाले. हा आवाज निराळाच होता. हा मी कधी ऐकला नव्हता. “बोलपटात असतो का प्रॉम्प्टर, म्हणाले. मिरजेला बीएला निरोप द्यायचा. मी म्हटलं, राहू द्या पोराला. म्हणाले, ज्याला पाठ होत नाही त्यानं घरी बसावं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “बीए नसला की मी नट नाही, साहेब. मिशा चिकटवलेला म्हातारा आहे. घर कुठलं? चाळीस वर्षं डब्यात राहिलो.”

“आणि पेडणेकर?”

“त्याच्यावर येईल हे डोक्यात आलं नाही. हरताळ त्याची, हेसुद्धा विसरलो.” मग कोपऱ्याकडे वळून म्हणाले, “दाम्या, खरंच विसरलो रे. तुझ्यावर आलं तेव्हा काहीतरी बोलायचं होतं मला. पण ते भाषण तेवढं आठवत होतं.”

दामू तिसऱ्या अंकातल्यासारखा कोसळला तो तेव्हा. शिपायानं दोर सोडायच्या आत.

माझी नोकरी टिकावी म्हणून माझ्या वडिलांनी एकदा सत्यनारायण घातला होता. त्यापुढं कोणी गेलं नव्हतं.

साडेपाचच्या गाडीनं फौजदार पंतांना घेऊन गेले. खिडकीतून पंतांनी फलाटावर बघितलं, आणि मला वाटलं काही म्हणतील. पण गाडी हलली. त्यानंतर कंपनी मिरजेला पोचली, पण ती कंपनी नव्हती, सामान होतं. कागदाचा हत्ती स्टेशनावरच राहिला. दामूनं पुढं पेडण्याला लुगड्यांचं दुकान काढलं. कुठल्या रंगावर कुठला काठ खुलेल ते त्याच्याइतकं कोणाला कळणार? ते अजून चालतं. माझी गाठ पडली की तो गिऱ्हाइकांसमोर सांगतो, “यांच्या सवयीनं माझा जीव वाचवला हो. माणसाला सवय असावी तर अशी.” सगळे तसंच म्हणत आले. कोर्टात पंतांच्या वकिलानंही तेच सांगितलं: साक्षीदार सवयीचा गुलाम आहे. मी मान हलवली. माझ्याविषयी यापेक्षा वाईट बोललेलं मी कॉलेजात ऐकलं होतं.

कोर्टात पंत पाऊण तास बोलले. मी डाव्या बाजूच्या बाकावर जागा धरून बसलो होतो. हात एकदाही उपरण्याकडे गेला नाही.

वयाकडे बघून जन्मठेप झाली. दोन वर्षांनी मी त्यांना तुरुंगात भेटायला गेलो. मी तेव्हा पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. दुसऱ्यांच्याच ओळी, पण आवाज न करता. पंत बरेच वाळले होते. आधी मला ओळखलं नाही. मग ‘बीए’ म्हटल्यावर ओळखलं, आणि आम्ही जुन्या गोष्टी काढल्या: कोल्हापुरात पडदा पेटला तेव्हा सेनापतीनं संवाद न तोडता तो कसा विझवला, गदगला हत्तीचं पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं दोन दिशांना कसं गेलं. त्या गोष्टी त्यांना अगदी तारीखवार आठवत होत्या. शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं.

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, “बीए, एक विचारू? चार वर्षं होतास. पहिल्या रांगेला कधी ऐकू गेलास?”

“नाही, पंत.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“कोगनूरला फौजदार कुठं बसला होता?”

“समोरच्या भिंतीशी,” मी म्हणालो.

“मी अंतर मोजलंय,” ते म्हणाले. “इथं वेळ असतो. तिसऱ्या रांगेत होता तो.”

बाहेर कोणीतरी बादल्या आपटत होतं. पंतांना आणखी काही म्हणायचं होतं. ओठ हलले, पण आलं नाही. त्यांचा हात डाव्या खांद्याकडे गेला. तिथं उपरणं नव्हतं. हात तसाच खांद्यावर राहिला, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ त्यांची पुढची ओळ नव्हती. मी गजापाशी तसाच उभा राहिलो.

मग त्यांची त्यांनाच सापडली.

“जागा मात्र बरोबर होती,” पंत म्हणाले.